अकरा तासांची वाट

मी उशी बोलतेय. पलंगावरची नव्हे. विमानात बसलेली माणसं गळ्यात अडकवतात ना, चावा घेतलेल्या कड्यासारखी, ती. दुसऱ्यांच्या माना सावरायचं माझं काम, आणि मला स्वतःला मान नाही. असती तर गेली चार वर्षं ती खालीच राहिली असती.

का, ते सांगते. पण जरा माझ्या कलाने घ्या. शरमेची गोष्ट एकदम तोंडातून बाहेर पडत नाही.

एका लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. एक बाई पोटात फोमचे तुकडे कोंबायची आणि दुसरी तोंड शिवून पुढे ढकलायची. माझी पाळी आली तेव्हा दुसरीची घरी जायची वेळ झाली होती, त्यामुळे माझी डावी शिवण वाकडी गेली. मी तिला दोष देत नाही. मग मला पिशवीत दाबून चपटी केली आणि एका विमानतळावरच्या दुकानात आकड्याला लटकवली.

तिथे माणसं पाहून घ्यावीत. लवकर आलेली माणसं दुकानातल्या प्रत्येक वस्तूला हात लावतात आणि काहीच घेत नाहीत. मला तर कितीजणांनी गळ्यात घालून आरशात पाहिलं, सोबतच्याला कोपर मारून हसली आणि पुन्हा आकड्याला अडकवून गेली. आपल्या रूपाला रोज असं हसलेलं कोणाला सोसेल? मला वाटायचं, एखादा न हसणारा माणूस भेटू दे.

भेटला. तो धावतपळत आला, आरशाकडे पाहिलंच नाही. हाताला पहिली लागली ती मी. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण भलत्याच काजात. मी मनात म्हटलं, घर मिळालं.

विमानात त्याने मला गळ्यात घातलं, पण त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. समोरच्या सीटच्या पाठीवर एक छोटा पडदा होता. त्यावर एक चिमुकलं विमान एका वाकड्या रेघेवरून सरकत होतं, खाली आकडे. नऊ हजार किलोमीटर, अकरा तास. पडद्यावर लोक सिनेमे बघत होते, हा आकडे बघत होता. आकडा कमी झाला की याचा घसा हलायचा.

शेजारी एक आजोबा होते. लांबच्या प्रवासात शेजाऱ्याची चौकशी केल्याशिवाय काहींचं जेवण पचत नाही, त्यांतले.

"घरी निघालात वाटतं?"

"हो. वडील आजारी आहेत. आईचा फोन आला, बाबांचं काही खरं नाही, लगेच निघ म्हणून."

"आज आला फोन?"

"परवा." तो पुन्हा आकड्यांकडे वळला. "काल ऑफिसात एक महत्त्वाची बैठक होती. सहा महिने तिच्यावर घालवले होते. म्हटलं ती उरकून निघावं, एका दिवसाने काय होतंय."

आजोबा नुसतं 'हं' म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. तो मला पुढे ओढून माझ्यात तोंड खुपसून बसला. पहिल्याच दिवशी मी भिजले.

विमान उतरलं, फोन चालू झाला आणि बातमी कळली. बाबा आदल्या संध्याकाळीच गेले होते. परवा फोन आल्या आल्या निघाला असता, तर त्यांच्या उशाशी बसायला मिळालं असतं. हा हिशेब मी मांडलेला नाही. टॅक्सीत बसून तोच पुन्हा पुन्हा मांडत होता, अर्धवट आवाजात, आणि टॅक्सीवाल्याला वाटत होतं हा आपल्याशीच बोलतोय.

घरात शिरलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारातच त्याचे काका उभे होते, बाबांचे धाकटे भाऊ. सडेतोड माणूस. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "आत्ता उगवलास?"

मी त्याच्या गळ्यातच होते. ते वाक्य घशातून वर येताना मला आधी कळलं.

"दोन दिवस लागतात काका. थेट विमान नाही. तीन बदलावी लागली."

आतून आई आली. त्याची आई, म्हणून मीही आईच म्हणते. तिने ऐकलं आणि काकांना बाजूला सारून त्याला जवळ घेतलं. "बघा हो भावोजी, दोन दिवस बसून आलंय माझं पोर. पाय बघा कसे सुजलेत." घर दुःखात बुडालेलं, आणि ही बाई पाणी तापवून त्याचे पाय शेकायला बसली. त्याने पाय मागे ओढले. तिने पुन्हा पुढे घेतले. तिने बोल लावला असता तर त्याला बरं वाटलं असतं, असं मला अजून वाटतं.

आठ दिवसांनी तो परत गेला आणि मला दारामागच्या खुंटीवर ठेवून गेला. विसरला म्हणा, टाकून गेला म्हणा. मी बरोबर गेले असते तर त्याला ते अकरा तास पुन्हा आठवले असते.

आईचं कपड्यांच्या दुरुस्तीचं दुकान आहे. नवे कपडे ती शिवत नाही. लोकांचे सैल झालेले, आटलेले, उसवलेले कपडे त्यांच्या अंगाला बसतील असे करून देते. एक मशीन, एक आरसा, एक पडदा आणि भिंतीला लागून एक बाक. तिने मला खुंटीवरून काढलं, चष्मा लावला आणि माझी डावी शिवण पाहून म्हणाली, "ही कोणी शिवलीय? डोळे मिटून?" मला तिथेच उसवलं, नीट शिवलं आणि कोणाच्या तरी पँटच्या उरलेल्या चौकड्यांच्या कापडाची खोळ घातली. खरं सांगायचं तर मी त्या दिवशी पहिल्यांदा बरी दिसले.

दुपारी ती मला मानेमागे घेऊन घटकाभर डोळे मिटायची. एरवी मी मशीनशेजारी पडलेली असे आणि ती माझ्या अंगात टाचण्या खोचायची. वाईट याचं वाटलं नाही. वाईट वाटायचं ते ती बोलायची त्याचं.

कारण त्या दोन दिवसांचा आईला अभिमान वाटू लागला होता. गिऱ्हाईक आलं की मुलाचा विषय निघायचाच. "लांब असतो हो. जायला दोन दिवस लागतात, तीन विमानं." ऐकणाऱ्याच्या भुवया वर गेल्या की ही खूश. अंतर जितकं जास्त तितका मुलगा मोठा, असा काहीतरी तिचा हिशेब असावा. शेजारी इस्त्रीवाले आहेत, धुतल्या तांदळासारखा माणूस, पण जीभ तिखट. ते म्हणायचे, "ताई, तुमचा दोन दिवसांत तरी येईल. माझा पुढच्या गल्लीत राहतो, त्याला यायला सहा महिने लागतात."

काका आले की मात्र तेच दोन दिवस ढालीसारखे पुढे यायचे. काका अधूनमधून टोचायचेच, "एकुलता एक, आणि बापाच्या वेळेला नाही." आई ताडकन म्हणायची, "दोन दिवसांची वाट आहे भावोजी. पंख होते का त्याला?" काका विषय बदलायचे. मी तिच्या हाताशीच असायचे. मला बोलता आलं असतं तरी मी बोलले असते का, कोण जाणे.

दर रविवारी मुलाचा फोन येई. आई फोन मला टेकवून उभा करायची, आवाज मोठा ठेवायची आणि शिवत शिवत बोलायची. कधी येतोस हा प्रश्न ती शेवटी विचारायची, सहज विचारल्यासारखा. आणि तो म्हणायचा, "कसं जमणार गं आई? जायचे दोन, यायचे दोन. सुट्टी प्रवासातच संपते." हे म्हणताना त्याचा आवाज बारीक व्हायचा. त्याला यायचं नव्हतं असं नाही. पण येऊन करणार काय? दारात उभं राहून पुन्हा दोन दिवस सांगायचे, आणि तिने पुन्हा पाय शेकायचे. अशी चार वर्षं गेली.

आणि एक दिवस विमानात काम करणारी एक मुलगी दुकानात आली.

तिच्या कामाच्या पोशाखातला स्कर्ट लांब होत होता. आईने तिला आरशासमोर उभं केलं, ओठांत टाचण्या धरल्या आणि स्कर्टची कड दुमडायला तिच्या पायाशी गुडघे टेकून बसली. त्याच वेळी इस्त्रीवाले हातावर शर्टांची चवड घेऊन दारात आले.

"कुठे कुठे जातेस गं?" आईने ओठ न उघडता विचारलं. इतक्या वर्षांच्या सवयीने तिला ते जमतं.

मुलीने शहराचं नाव घेतलं. आईने वर पाहिलं. "माझा मुलगा तिथेच असतो."

"हो का? मग तुम्ही जाऊन आलात की नाही?"

"छे गं. दोन दिवस प्रवास करायला माझे गुडघे कुठले टिकायला."

"दोन दिवस? कोणी सांगितलं तुम्हाला?" मुलगी हसली. "आमचं थेट जातं की. अकरा तास."

"घड्याळाचा फरक पकडून म्हणत असशील."

"फरकबिरक काही नाही हो काकू. मी पायांवर उभी असते, मला विचारा ना. एकदा जेवण, एकदा चहा, एकदा नाश्ता, की आलंच."

आईने एक टाचणी लावली. मग दुसरी. "नवीन सुरू झालं असेल."

"नवीन कसलं. मला सात वर्षं झाली नोकरीला. पहिल्या दिवसापासून हीच फेरी करतेय."

आईच्या ओठांत अजून तीनचार टाचण्या होत्या. त्या तिने एकेक करून काढल्या आणि स्कर्टला न लावता हातातच धरून ठेवल्या. मग म्हणाली, "तुमचं ते मोठ्या लोकांचं विमान असेल. माझा मुलगा साध्याने येतो." मुलगी काही बोलायला गेली. तेवढ्यात इस्त्रीवाले म्हणाले, "ताई, हे शर्ट कुठे ठेवू?" इतकी वर्षं ते शर्ट एकाच फळीवर ठेवतात. त्या दिवशी त्यांनी ते तिला विचारलं, आणि विषय तिथेच राहिला.

मुलगी गेल्यावर आई मशीनवर बसली. एका सदऱ्याची बाही आखूड करायची होती. तिने ती आखूड केली आणि टीप मारता मारता मनगटाचं तोंडच शिवून टाकलं. इस्त्रीवाल्यांनी बाही उचलून पाहिली. "ताई, यात हात कुठून घालायचा?"

आई हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही.

"दादा, शेवटच्या दिवशी याचे बाबा सारखे विचारत होते," ती म्हणाली. "निघाला का, निघाला का. मी म्हटलं, विमानात बसलाय, पोचतोच आहे. माझी खात्रीच होती ना. फोन केल्यावर तो निघाला नसेल असं माझ्या मनातही आलं नाही. त्यांनी आपलं तोंड दाराकडे करायला सांगितलं मला. मी वळवलं त्यांना. आणि तेव्हा हा निघालाही नव्हता."

इस्त्रीवाले उभेच होते. त्यांनी ती बाही तिच्यासमोर ठेवली.

"मी गावभर सांगत सुटले, दोन दिवस, दोन दिवस," आई म्हणाली. "किती जणांना ठाऊक असेल हो? किती जण मनात हसले असतील? भावोजींशी तर मी तोंड वाजवून भांडले."

"विचारणार का त्याला?"

"काय विचारू? खोटं बोलला तर मला ऐकवणार नाही. खरं बोलला तर मला तोंड दाखवायला तो पुन्हा कधी येणार नाही. मी ओळखते त्याला. लहानपणी काचेचा पेला फोडला तर दिवसभर माळ्यावर लपून बसायचा." तिने ती बाही उसवायला घेतली. "नवरा गेला. आता हे खरं जाणून घेण्यापायी मुलगाही घालवू का?"

त्या आठवड्यात ती गिऱ्हाइकांशी कामापुरतंच बोलली. कोणी मुलाची चौकशी केली की म्हणायची, बरा आहे. पुढे अंतर सांगायची नाही. दुपारी मला मानेमागे घ्यायची, पण डोळे उघडेच असायचे. मला वाटायचं, हिला कळलंय की मीही त्या विमानात होते. तसं काही नव्हतं. शरमलेल्या जिवाला सगळे आपल्याकडेच बघतात असं वाटतं.

रविवार आला. फोन वाजला. तिने तो मला टेकवला आणि मशीनवरून हात काढून मांडीवर ठेवले. इस्त्रीवाले बाकावर वर्तमानपत्र उघडून बसले होते आणि एकच पान वाचत होते.

प्रकृती झाली, हवा झाली. मग आई म्हणाली, "अरे, एक कळलं. तुझ्या तिकडून थेट विमान सुरू झालंय म्हणे. नवीन. अकरा तासांत येतं."

मी थक्क झाले. ते नवीन नाही हे तिला त्या मुलीने तोंडावर सांगितलं होतं. तरी ही बाई आपल्या मुलासाठी एक कोरं करकरीत विमान आकाशात सोडत होती. त्याने नुसतं हो म्हणायचं होतं. चार वर्षांचं खोटं तसंच झाकलेलं राहिलं असतं आणि त्याला घरी येता आलं असतं.

"ऐकलंस का रे? आता दोन दिवस नकोत."

"आई," तो म्हणाला. "आई, ते नवीन नाही."

"मला नवीन आहे."

"नाही आई. तेव्हाही होतं ते. मी त्याच विमानाने आलो होतो. तू फोन केलास त्या दिवशी मी..."

"फोनवर नको," आई म्हणाली. तिचा आवाज इतका कडक मी कधी ऐकला नव्हता. "मला ऐकायचंय, सगळं ऐकायचंय. पण फोनवर नाही. अकरा तासांवर आहेस ना? इथे ये, माझ्यासमोर बस आणि सांग."

तो रडत होता.

"तू मला काय म्हणशील?" त्याने विचारलं.

"म्हणेन जे म्हणायचं ते. रागावेन. चार वर्षांचं रागवायचं राहिलंय माझं. तू ये." मग तिने विचारलं, "कंबर किती झाली आता तुझी? बसून बसून वाढली असेल. घट्ट झालेल्या पँटी टाकू नकोस, घेऊन ये. सैल करून देते."

ते झालं गेल्या महिन्यात. आज तो येतोय. या क्षणी तो वर कुठेतरी आहे, त्या वाकड्या रेघेवर, आणि बहुतेक आकडे बघतोय. आईने दुकान उघडलं, पण सकाळपासून एकच बटण लावतेय.

मघाशी काका आले. पुतण्या येतोय हे त्यांच्याही कानावर गेलं होतं. बाकावर दोन गिऱ्हाइकं होती, इस्त्रीवाले होते. काका बसता बसता म्हणाले, "काल निघाला असेल नाही वहिनी? दोन दिवस म्हणजे..."

"नाही भावोजी. आज निघालाय. संध्याकाळी येईल. अकरा तास लागतात."

"अकरा? थेट?"

"थेट."

सडेतोड माणसाचं डोकं हिशेबाला पक्कं असतं. "आणि तेव्हा?"

आईने दोरा दातांनी तोडला, बटण ओढून पाहिलं आणि सदरा बाजूला ठेवला.

"तेव्हाही अकराच लागत होते," ती म्हणाली. "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. चार वर्षं सांगत आले. माफ करा."

तो काय करत होता, का उशीर झाला, यातलं एक अक्षर ती बोलली नाही. खोटं त्याचं होतं, आणि चारचौघांत ते आपल्या पदरी घेतलं हिने. काका उठले, चपला घातल्या आणि दारातून म्हणाले, "संध्याकाळी मी येत नाही आज. उद्या येईन. तुम्ही दोघं बसा." ते गेल्यावर इस्त्रीवाल्यांनी बाकावरच्या गिऱ्हाइकांनाही काहीतरी सांगून वाटेला लावलं.

मी मशीनशेजारी आहे. माझी शरम गेलेली नाही. ज्याच्या गळ्यात राहून ते दोन दिवसांचं वाक्य ऐकलं, तो आता समोर येऊन बसणार आणि तेच वाक्य परत घेणार. ते मला पाहवेल असं वाटत नाही. पण आईने मला हलवलं नाही तर मी ऐकेन.

तुमच्यापैकी कोणी घरापासून लांब राहत असाल तर या जुन्या उशीचं एक मागणं आहे. घर किती लांब ते कोणी विचारलं तर जेवढं आहे तेवढंच सांगा. आपण वाढवलेले तास कोणाला तरी बसून काढावे लागतात. आणि वाढवून सांगितले असतील, तर फोनवर खुलासे करत बसू नका. निघा.

आईने मशीनवर कापड टाकलंय आणि दिवा लावलाय. इस्त्रीवाल्यांनी आपलं दुकान कधीच बंद केलं, तरी ते बाहेर रस्त्याकडे तोंड करून उभे आहेत. आईने एक खुर्ची आणून आपल्या खुर्चीसमोर ठेवली. जरा लांब वाटली म्हणून उठून जवळ ओढली.